विश्वकोशातील छायाचित्र कोणाचे?

केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या विद्यार्थ्याने आपल्या गावाची माहिती मराठी विकिपीडियावर लिहावयास घेतली, तर मजकुरापेक्षा छायाचित्रच त्याला अधिक अडवील. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात कोणासही लिहिता येते. मात्र वृत्तपत्रातून उचललेले चित्र तेथे टिकत नाही. खाली छायाचित्रकाराचे नाव दिले, ही सबब चालत नाही. नाव देणे म्हणजे परवानगी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. केवळ शैक्षणिक उपयोगापुरती संमतीही अपुरी. व्यापारी वापरासह सर्वांना मुभा देणारा परवाना लागतो. सबब, शाळेची वा चावडीची इमारत विद्यार्थ्याने स्वतःच टिपावी. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्याचे छायाचित्र घेण्यासही कायद्याची आडकाठी नाही.

शिक्षकांचे काम येथेच आहे. ‘लेख चांगला’ या शेऱ्याने काही साधत नाही. कोणत्या विधानास आधार नाही, कोणते चित्र कोठून आणले, हे लेखाच्या चर्चापानावर नेमके विचारावे, आणि तेही लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी. चित्र वगळले गेल्यावर कारण समजले, तर मुलगा पुन्हा लिहावयास बसेलच असे नाही.