भात राखावे, तांदूळ वाटावा

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने, दहिवलीच्या आमच्या ओटीवर पणत्या लावणाऱ्या आईचे छायाचित्र घेतले. श्रावणात आई गेली. यंदाच्या दिवाळीला तिची तसबीर ओटीवर असावी, असे आप्पांच्या मनात आले. भाच्याने ती फाइल पाठवली, आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून मी नदीपलीकडे कर्जतच्या बाजारात गेलो. दुकानदाराने संगणकाशी बरीच झटापट केली आणि पेनड्राइव्ह परत माझ्या हातावर ठेवला.

"सर, ही उघडत नाही. जेपेग करून आणा."

नाटकाकादंबऱ्यांची रूपांतरे मी वर्गात पुष्कळ शिकवली आहेत. पण छायाचित्राचेही रूपांतर करावे लागते, हे मला नवीन होते. फोनवर भाचा माझा गुरू झाला.

"मामा, ती रॉ फाइल आहे. म्हणजे कच्चा माल!"

त्याने सांगितले ते असे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाश मोजणाऱ्या लक्षावधी पेशी असतात. दर चार पेशींपैकी दोहोंवर हिरवी, एकीवर तांबडी व एकीवर निळी काच; कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ साली या मांडणीचे पेटंट मिळाले. प्रत्येक पेशीने केलेले मोजमाप रॉ फाइल जवळजवळ जसेच्या तसे जपते. चौदा बिटांच्या फाइलीत काळोखापासून उजेडापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात. मात्र प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. दुकानातल्या यंत्राला ती वाचता आली नाही, यात दुकानदाराचा काय दोष?

जेपेग ही १९९२ साली प्रमाण ठरलेली जुनी लिपी. ती सगळ्या जगाला वाचता येते. पण तिच्यात प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या. शिवाय ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकते. फाइल लहान होते ती त्यामुळेच. गाळलेले मात्र पुन्हा मिळत नाही.

डार्कटेबल नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेऊन मी घाईघाईने रूपांतर उरकले. पाहतो तो पणत्या झगझगीत आणि आईचा चेहरा काळोखात बुडालेला! जेपेगच उजळून पाहिली. तेव्हा गालांवर मळकट चौकोन उमटले. मन खट्टू झाले.

"मामा, जेपेगशी झगडू नका. मुळाकडे जा," भाचा म्हणाला.

पुन्हा रॉ फाइल उघडली. सावल्या हळूहळू उचलल्या, पणत्यांचा उजेड दाबला, रंगाचा पिवळेपणा थोडा उतरवला. ज्योतीचा गाभा पांढराच राहिला. कारण पेशी प्रकाशाने काठोकाठ भरली की तेथे रॉचाही इलाज चालत नाही. पण काळोखातून आईच्या कपाळावरचे गोंदण दिसू लागले, मग डोळे, मग ओठांच्या कोपऱ्यातले ते नेहमीचे हसू. ते सारे वर्षभर त्या फाइलीत होते. मीच पहिल्या खेपेला फेकून दिले होते. मग गुणवत्तेचा आकडा नव्वदावर ठेवून नवी जेपेग काढली. दुकानदाराने ती तत्काळ छापून दिली.

वाचकहो, आमचा मुलूख भाताचा. दिवाळीच्या सुमारास खळी भरतात. टरफलासकट असते ते भात. गिरणीतून निघतो तो तांदूळ. तांदूळ कोणाच्याही चुलीवर शिजतो, पण पेरला तर उगवत नाही. रॉ आणि जेपेग यांचे नाते मला याहून सोपे करून सांगता येणार नाही. नातेवाइकांना जेपेग खुशाल वाटावी. पण तीच पुन्हा पुन्हा दुरुस्त करून साठवू नये, दर खेपेस थोडी झीज होते. दुरुस्ती मुळातच करावी, आणि मूळ कधी पुसू नये.

तसबीर पाहून आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग उपरण्याने काच पुसली आणि, जन्मभर शेती केलेला माणूस, त्यांनी एवढेच विचारले, "बियाणं राखलंस ना?"

राखले आहे. एक प्रत माझ्या कपाटात आणि दुसरी पुण्यात भाच्याकडे. उल्हासच्या काठी राहणाऱ्याने सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये.