ओळ कुठे तोडायची, हे कुणी ठरवायचं?

इंग्रजी कवितेचं जुनं पुस्तक उघडलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटल! वाक्य आधीच्या ओळीतून पुढे आलेलं असलं, तरी नव्या ओळीला मोठं अक्षर हवंच, असा तिकडचा रिवाज. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही. आपल्या पोथ्यांमध्ये तर ओव्या सलग लिहिलेल्या असत. ओवी संपली हे कळायचं ते उभ्या दंडांवरून आणि आकड्यावरून. त्यामुळे एखाद्या मोठ्या अक्षरासाठी, एखाद्या चिन्हासाठी कुणी हट्ट धरेल, हे आपल्याला पटकन खरं वाटत नाही. पण तसा हट्ट धरणारी एक बाई होऊन गेली.

एमिली डिकिन्सन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अॅमहर्स्ट गावची. जन्म १८३०चा. लग्न केलं नाही. बहुतेक आयुष्य वडिलांच्या घरातच गेलं. बाग राखायची, पाव उत्तम भाजायची. १८५६ साली गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीसही मिळालं होतं. आणि हे सगळं करता करता तिने जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या, काही तर चक्क जुन्या पाकिटांच्या पाठीवर. हयातीत छापल्या गेल्या त्या दहाच्या आसपास. त्याही तिच्या नावाशिवाय.

तिची लिहिण्याची तऱ्हा न्यारी. ओळीच्या मध्येच एखादा साधा शब्द कॅपिटल अक्षराने सुरू करायचा, जणू त्या शब्दावर बोट ठेवलंय. स्वल्पविरामाऐवजी आडव्या रेघा. बोलता बोलता आपण क्षणभर थांबतो ना, तशा. १८६६ साली एका वृत्तपत्राने तिची सापावरची कविता छापली आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी आपल्या मनाने विरामचिन्ह घातलं. तिच्या लेखी तिसरी आणि चौथी ओळ मिळून एकच होती. टॉमस हिगिन्सन या साहित्यिकाला लिहिलेल्या पत्रात तिने याबद्दल तक्रार केली.

१८८६ साली ती गेली. धाकट्या बहिणीला, लव्हिनियाला, तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या. १८९० साली पहिला संग्रह निघाला आणि हातोहात खपला. संपादक होते तेच हिगिन्सन आणि मेबल टॉड नावाच्या बाई. त्यांनी कष्ट घेतले, हे खरंच. पण कवितांना मथळे दिले, कॅपिटल अक्षरं कमी केली, रेघांच्या जागी स्वल्पविराम घातले, यमक जुळावं म्हणून काही शब्दही बदलले. सगळं कसं नीटनेटकं! टॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितं तपासून तिच्या रेघा आणि तिची अक्षरं परत आणली, ती १९५५ साली. मधे पासष्ट वर्षं गेली.

ही गोष्ट दूरची वाटते का? आमच्या महिला मंडळाच्या स्मरणिकेत चौथीपर्यंत शिकलेल्या एका काकूंनी माहेरावर बारा ओळींची कविता दिली होती. पान पुरेना म्हणून छपाईवाल्याने दोन-दोन ओळी जोडून सहा केल्या. अंक हातात आल्यावर काकू म्हणाल्या, "ताई, शब्द माझेच हायेत. पण मी जिथं थांबले हुते, तिथं हे थांबलंच न्हाई." ओळ म्हणजे काय, हे याहून सोपं कोण सांगणार? पुढच्या अंकात ती कविता बाराच्या बारा ओळींत पुन्हा छापली.

मैत्रिणींनो, आपल्या बायकांची कितीतरी कविता तोंडीच राहिली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या माघारी, पुस्तक निघालं. तुमच्या घरातही आजीच्या, सासूबाईंच्या ओव्या असतील. त्या उतरवून घ्याल तेव्हा आधी मोबाईलवर आवाज भरून घ्या. त्या जिथे श्वास घेतील, तिथे ओळ तोडा. बोलीतला शब्द 'शुद्ध' करण्याआधी त्यांना विचारा. आणि स्वतःची कविता कुठे छापायला पाठवाल, तेव्हा खाली न लाजता लिहा – 'ओळी आहेत तशाच ठेवाव्यात.'

घरात, बाहेर आपलं बोलणं मधेच तोडणारे खूप भेटतात. निदान कवितेत तरी कुठे थांबायचं, ते आपलं आपण ठरवू या.