स्लॅबआधीची वीज

अकोला आणि अमरावती या शहरांतील व्यापारी संकुलाचा नकाशा बहुधा गाळ्यांच्या दर्शनी रुंदीपासून आखला जातो, कारण रस्त्याकडील प्रत्येक फुटाचा भाव मालकाला तोंडपाठ असतो. जिने आणि वाहनतळ यांना उरलेली जागा मिळते आणि त्यातूनही जो कोपरा शिल्लक राहतो तो मीटर रूमच्या वाट्याला येतो. विद्युत अभियंत्याला बोलावले जाते तेव्हा स्लॅब पडलेले असतात. त्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी काँक्रीटच्या आत किंवा जमिनीखाली जात असल्यामुळे हा क्रम कोठेही गैरसोयीचाच ठरतो, परंतु वऱ्हाडातील ऊन आणि काळी माती यांमुळे तो येथे विशेष महाग पडतो.

नियोजनाचा आरंभ भाराच्या हिशेबाने होतो. इमारतीतील सर्व उपकरणांच्या क्षमतेची बेरीज म्हणजे जोडभार. ती सगळी एकाच वेळी चालत नसल्याने जोडभाराचा काही अंशच प्रत्यक्ष मागणी म्हणून धरला जातो आणि या अंशाला मागणी गुणक म्हणतात. उदाहरणादाखल 40 गाळ्यांचे संकुल घेतले, प्रत्येक गाळ्यात दिवे, पंखे व इतर उपकरणे मिळून 1.5 किलोवॅट आणि दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राचे 1.6 किलोवॅट धरले, तर जोडभार 124 किलोवॅट होतो. सरसकट 0.6 हा गुणक लावल्यास मागणी सुमारे 74 किलोवॅटवर येते आणि 0.9 पॉवर फॅक्टरने, म्हणजे प्रत्यक्ष कामी येणाऱ्या शक्तीचे एकूण भाराशी असलेल्या प्रमाणाने, भागल्यावर ती 83 केव्हीए भरते. 100 केव्हीएचे रोहित्र, ज्याला गावात सर्रास ‘डीपी’ म्हटले जाते, पुरेसे वाटते. मात्र पारा 45 अंशांच्या आसपास गेलेल्या मे महिन्यातील दुपारी कोणताही गाळेधारक आपले यंत्र बंद ठेवत नाही. वातानुकूलनाचा भार पूर्ण धरला की मागणी 100 किलोवॅट, म्हणजेच 111 केव्हीए होते आणि तेच रोहित्र अपुरे पडते. कूलरवर भागवणाऱ्या जुन्या बाजारपेठेचा अनुभव येथे दिशाभूल करतो, कारण कूलरला विजेपेक्षा पाणीच अधिक लागत असे.

मोठे रोहित्र म्हणजे अधिक जागा, आणि ती केवळ फुटांत मोजून भागत नाही. व्यापारी इमारतीच्या आत तेलाचे रोहित्र बसवण्यास सुरक्षा नियम परवानगी देत नाहीत; तेथे तेलाविना चालणारे, तुलनेने महाग असे ड्राय टाइप रोहित्र लागते. तेलाचे हवे असल्यास ते बाहेर, मोकळ्या आवारात ठेवावे लागते, म्हणजेच वाहनतळाची आखणी होण्यापूर्वी ती जागा राखावी लागते. केबल वर नेणाऱ्या उभ्या शाफ्टचेही असेच आहे. पीव्हीसी आवरणाच्या केबलची हवेतील वहनक्षमता सामान्यतः 40 अंश तापमान गृहीत धरून दिलेली असते. भोवतालची हवा 50 अंशांवर गेली की ती सुमारे 82 टक्क्यांवर उतरते. पश्चिमेच्या भिंतीलगत, गाळ्यांना नको असलेल्या तापट कोपऱ्यात शाफ्ट ढकलणारा नकाशा त्यामुळे तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा खर्च नकळत वाढवतो.

मातीचा प्रश्न अधिक खोल आहे. दोषाच्या वेळी विद्युतप्रवाह सुरक्षितपणे जमिनीत जावा यासाठी केलेली जोडणी म्हणजे अर्थिंग, आणि तिची गुणवत्ता जमिनीच्या विद्युत रोधकतेवर अवलंबून असते. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व ओली असताना प्रवाह चांगला वाहून नेते. उन्हाळ्यात ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडचा मातीशी असलेला संपर्क सैल होतो. चार खुंट्या एका रेषेत समान अंतरावर ठोकून, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडून आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजून रोधकता काढली जाते. ही मोजणी ऑगस्टमध्ये केली तर आकडा फसवा सुखद येतो, म्हणून ती मे महिन्यात करणे शहाणपणाचे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत, अडचण उलट स्वरूपाची आहे. तेथील क्षारांमुळे रोधकता कमी राहते, पण जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप लवकर गंजतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरण्याची जुनी रीत अशा जमिनीत डोळे मिटून पाळण्यात अर्थ नाही. पायातील सळयांचा अर्थिंगसाठी उपयोग करण्याचा पर्यायही उपलब्ध आहे, मात्र त्यासाठी सळयांची अखंड जोडणी आणि बाहेर काढायची पट्टी काँक्रीटपूर्वीच निश्चित झालेली असावी लागते.

पुढची कसोटी स्लॅबच्या दिवशी लागते. सेंटरिंगवर सळया बांधून झाल्या की वायरमनला कंड्युट, फॅन बॉक्स आणि तुळईतून आरपार जाणाऱ्या स्लीव्ह बसवण्यासाठी मोजकाच वेळ मिळतो, कारण मिक्सर आणि मजूर आधीच ठरलेले असतात. मंजूर आराखडा हाती नसेल तर तो अंदाजाने पाइप टाकतो, आणि पुढे विटांच्या भिंतीत झिरी मारणे एक वेळ चालते, तुळईला भोक पाडणे चालत नाही. विशेषतः आग विझवण्याच्या पंपाची केबल मुख्य स्विचच्या अलीकडून स्वतंत्र घ्यावी लागते, जेणेकरून आगीत इमारतीचा पुरवठा तोडला तरी पंप चालू राहील. हा मार्ग आधी राखलेला नसल्यास ती केबल जिन्याच्या भिंतीवरून उघडी नेली जाते, जिथून माणसे बाहेर पळणार असतात.