उपग्रह केव्हा उगवेल?

उपग्रहाचे भावी स्थान सांगणे हे पूर्वी मोठ्या संगणकांनाच साध्य असे. १९८० च्या सुमारास लहान वैयक्तिक संगणक बाजारात आले आणि हौशी बिनतारी संदेशकांनी हे काम आपल्या टेबलावर आणले. त्यांचा प्रश्न साधा होता : उपग्रह क्षितिजावर केव्हा येईल आणि एरियल कोणत्या दिशेस वळवावी?

प्रत्येक उपग्रहाचे वर्णन अंकांच्या दोन ओळींत मावते. एका ओळीत ६९ स्थाने. कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन, लंबवर्तुळाचा चपटेपणा, दिवसातील फेऱ्या आणि ही माहिती ज्या क्षणाची तो क्षण, असे हे अंक असतात. त्यांवरून पुढील स्थान काढताना केप्लरचे नियम आधाराला असतात खरे, परंतु तेवढ्यावर भागत नाही. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने अधिक आहे. या फुगवट्याच्या ओढीने कक्षेचे प्रतलच फिरत राहते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाबतीत रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे. हे सारे हिशेबात घेणारी 'एसजीपी-४' ही पद्धती १९८० साली अमेरिकेत आज्ञावलीसह प्रसिद्ध झाली. तिची सुधारित रूपे आजही वापरात आहेत.

फुगवट्याचे गणित जमते; हवेचे मात्र दगा देते. सूर्य प्रक्षुब्ध झाला की वरचे विरळ वातावरण तापून प्रसरण पावते व उपग्रहास होणारा रोध वाढतो. 'स्कायलॅब' अपेक्षेपेक्षा लवकर, ११ जुलै १९७९ रोजी कोसळली ती यामुळेच. ती आपल्याच डोक्यावर पडणार, या धास्तीने तेव्हा भारतातही अनेकांची झोप उडाली होती! येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. रोधामुळे उपग्रह मागे पडत नाही. तो खालच्या कक्षेत उतरतो आणि अधिक वेगाने धावून अंदाजाच्या आधीच येऊन ठेपतो. सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेग असताना एका सेकंदाची चूकही लहान म्हणता येत नाही.

ओळी ताज्या असल्या तरी स्थानात सुमारे एक किलोमीटरची चूक संभवते आणि ती दिवसागणिक वाढते. एरियल वळविणाऱ्यास त्याचे काही वाटत नाही. परंतु १० फेब्रुवारी २००९ रोजी 'इरिडियम-३३' हा चालू उपग्रह आणि 'कॉसमॉस-२२५१' हा निकामी रशियन उपग्रह परस्परांपासून ५८४ मीटरवरून जातील, असे याच पद्धतीच्या गणिताने दाखविले होते. त्या दिवशीच्या यादीत याहून जवळून जाणाऱ्या जोड्या पुष्कळ होत्या. त्या सुखरूप गेल्या. हे दोघे मात्र सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले.