आजीच्या ओव्या आणि रिसीव्हर

हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांत आमच्या मुळशीच्याही आहेत. उरवड्यात आमच्या घरी मात्र आजीची एकच कॅसेट. तिचा आवाज तेवढाच उरला आहे आणि वाजवावी तशी फीत झिजते. म्हणून मी ती रिसीव्हरमधून संगणकात उतरवली.

टेपची तार रिसीव्हरच्या ‘टेप इन’मध्ये, ‘रेक आउट’ची संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये. गंमत अशी, की रेक आउटचा आवाज व्हॉल्यूमच्या बटणाआधीच निघतो. घर झोपलेले असले तरी मुद्रण पूर्ण उतरते. बास-ट्रेबलही तेथे लागू होत नाहीत. पातळी संगणकावरच बेतावी. एचडीएमआयने आलेला आवाज सहसा या वाटेने बाहेर पडत नाही. जात्याची घरघर मी मुद्दाम राहू दिली.