सदोमचं पाप नेमकं कोणतं?

बायबलने समलैंगिकता निषिद्ध ठरवली, विषय संपला, असं एक बाजू ठामपणे सांगते. ख्रिस्ताने फक्त प्रेम शिकवलं, मग वाद कशाला, असं दुसरी म्हणते. या विषयाशी जोडले जाणारे उतारे जेमतेम सहा-सात आहेत. त्यांच्या आधारावर कुणी पोटच्या पोराला घराबाहेर काढत असेल, तर ते आधी सावकाश वाचायला हवेत.

सर्वांत पक्का गैरसमज सदोम नगराचा. समलैंगिक संबंधांमुळे देवाने ते भस्म केलं, असं सर्रास ऐकायला मिळतं. उत्पत्तीच्या १९व्या अध्यायात सदोममध्ये राहणाऱ्या लोटाकडे दोन पाहुणे उतरतात आणि गावचे पुरुष घराला वेढा घालून त्यांच्यावर बळजबरी करू पाहतात. हा सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे. राजीखुशीच्या नात्याबद्दल ही कथा काहीच बोलत नाही. यहेज्केल संदेष्टा (१६:४९) सदोमचे दोष सांगतो ते गर्व, भरल्या पोटाची सुस्ती आणि गोरगरिबांकडे फिरवलेली पाठ. पुढच्याच वचनात अमंगळ कृत्यांचा उल्लेख येतो आणि यहूदाचं पत्र लैंगिक अनाचाराचं नाव घेतं. परंपरावादी वाचक त्यावर बोट ठेवतात, आणि ते चुकीचं नाही. पण येशू स्वतः सदोमची आठवण काढतो (लूक १०) ती शिष्यांचा स्वीकार न करणाऱ्या गावांना बजावताना. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

लेवीय ग्रंथाची मनाई मात्र स्पष्ट आहे. २०:१३ मध्ये तर देहदंड सांगितला आहे. त्याच अध्यायात आईबापांना शाप देणाऱ्यालाही देहदंडच आहे. म्हणून सगळंच कालबाह्य म्हणून सोडून द्यावं का? तसंही नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं न लादण्याचं ठरलं, तरी लैंगिक अनाचार वर्ज्यच राहिला. वाद आहे तो त्यात काय काय मोडतं याचा.

शुभवर्तमानांत येशू या विषयावर एकदाही बोलत नाही. घटस्फोटाविषयी विचारलं असता तो विवाह स्त्री-पुरुषांचा म्हणून सांगतो (मत्तय १९). एका बाजूला ते मौन महत्त्वाचं वाटतं, दुसरीला ते उत्तर.

सर्वांत अवघड उतारा रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातला. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे स्त्रियांचाही उल्लेख करतो. हा सृष्टीक्रमाचाच भंग आहे, असं परंपरावादी म्हणतात. इतर अभ्यासकांच्या मते त्याच्या डोळ्यांसमोर मूर्तिपूजा आणि रोमन समाजातलं गुलामांचं, मुलांचं शोषण होतं. आजचं निष्ठेचं सहजीवन त्याला ठाऊकच नव्हतं. दोन्ही वाचनं श्रद्धेतूनच आलेली आहेत.

म्हणूनच सगळ्या चर्चचं मत एकच, हाही गैरसमज. स्वीडनचं लुथरन चर्च २००९पासून समलिंगी विवाह लावतं. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४मध्ये समलैंगिक धर्मसेवकांवरची बंदी उठवली, पण त्याआधी हजारो मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. १९९२चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ समलैंगिक संबंध अमान्य करतो आणि त्याच जागी समलैंगिक व्यक्तींना आदराने, करुणेने वागवा, अन्याय्य भेदभाव टाळा, असंही बजावतो. हा दुसरा भाग प्रवचनांत क्वचितच कानी पडतो, याचं वाईट वाटतं.

आणि पाप म्हणजे गुन्हा नव्हे. भारतात समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही, समलैंगिकांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला.