माशांच्या टाकीतली वीज

माशांची टाकी साफ करताना हाताला मुंग्या येतात, बोटावर एखादा ओरखडा असेल तर नेमका तिथे चटका बसतो, अशी तक्रार अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या अनेक घरांतून माझ्याकडे येते. विजेच्या कामात माझी उभी हयात गेली आणि घरी टाकीही आहे, म्हणून लोक मला विचारतात. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग मासे कसे जिवंत राहतात?’

विजेच्या तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही, कारण प्रवाहाला त्याच्यातून पुढे जायला वाट नसते. टाकी काचेची, खाली लाकडी स्टँड. पाण्याचा जमिनीशी संबंधच येत नाही. ही वाट तयार होते आपण पाण्यात हात घालतो तेव्हा. मासे मजेत पोहताहेत, म्हणजे टाकी सुरक्षित आहे, असे मुळीच समजू नये.

ही वीज पाण्यात उतरते ती बहुधा हीटरमधून. काचेच्या नळीला केसाएवढी चीर गेली तरी पाणी आत शिरते. हीटरचा लाल दिवा विझला म्हणजे वीज बंद झाली, हाही गैरसमजच. आतला थर्मोस्टॅट दोन तारांपैकी एकच तोडतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला असेल, तर तुटते ती न्यूट्रल. आतली तार २३० व्होल्टवर तशीच राहते. खरे तर मुंबईच्या हवेत थंडीचे थोडे दिवस सोडले, तर बहुतेक टाक्यांना हीटर लागतच नाही. तरी तो बारा महिने पाण्यात उभा असतो! त्याखालोखाल शंका घ्यावी ती पाण्यात बुडणाऱ्या पंपाची आणि झाकणाखाली वाफ धरणाऱ्या ट्यूबच्या होल्डरची.

आता तपासणी. नेहमीचा टेस्टर इथे फारसा कामाचा नाही. त्यातला निऑनचा दिवा कमी व्होल्टेजला पेटतच नाही, आणि पायात रबरी चपला असतील तर तो मंद दिसतो. त्यापेक्षा मल्टिमीटर लावावा, तोही जाणत्या वायरमनच्या हातून. मीटरचे एक टोक पाण्यात आणि दुसरे सॉकेटच्या अर्थिंगला. मात्र आधी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० च्या आसपास आकडा येतो ना, ते पाहावे. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे पुष्कळदा तारच नसते, किंवा कुणा महाभागाने ती न्यूट्रललाच जोडलेली असते. हा प्रकार तर अर्थिंग नसण्याहून वाईट.

मीटरने ४० व्होल्ट दाखवले की घरात घबराट होते. पण पंपाची गुंडाळी पाण्याशेजारी असली, की तार शाबूत असूनही काही व्होल्टेज उमटते. त्यात ताकद नसते. लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारा एक वॅटचा १०० किलोओहमचा रेझिस्टर मीटरच्या दोन टोकांमध्ये जोडावा. आकडा एक-दोन व्होल्टवर कोसळला तर ते भासमान व्होल्टेज. आकडा तसाच टिकून राहिला तर गळती खरी. मग एकेक प्लग काढत जायचे. ज्याच्याबरोबर आकडा पडेल तो दोषी. त्याला चिकटपट्टी लावू नका, सरळ फेकून द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे, टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे लोक सांगतात. पण सहा अँपियरचा एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. ३० मिलिअँपियर म्हणजे त्याचा दोनशेवा भाग, आणि माणसाचा जीव घ्यायला सहा अँपियर लागत नाहीत. आरसीसीबीवरचे ‘टी’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे; तो पडला नाही तर बदलावा.

माशांच्या आरोग्यासाठी म्हणून पाण्यात सोडायची टायटॅनियमची अर्थिंग सळईही मिळते. आरसीसीबी असेल तर ती उपयोगी, कारण गळती होताच, तुमचा हात पाण्यात जायच्या आधी, वीज तुटते. आरसीसीबी नसताना मात्र ती सळई प्रवाहाला पाण्यातून कायमची वाट करून देते आणि मासे त्या वाटेवर सापडतात.

हे सगळे बसवल्यावरही रविवारी पाणी बदलताना टाकीचे सर्व प्लग काढूनच बाह्या सरसावाव्यात. हीटर तर पंधरा मिनिटे आधीच बंद करावा, नाहीतर पाणी उतरले की तापलेली काच तडकते.